किती हात?

हे जाऊन दीड महिना झाला होता. त्यांची ती छप्पर उघडणारी विदेशी गाडी विकायची, म्हणून जुन्या गाड्यांचा दलाल कागद घेऊन आला.

"गाडी किती हात फिरली, वहिनी? म्हणजे, किती मालक झाले?"

हात पहिला: परदेशातला कुणी दंतवैद्य.

हात दुसरा: तिला बोटीतून इथे आणणारा व्यापारी.

हात तिसरा: आमचे हे. अकरा वर्षं.

दलाल डावीकडच्या स्टिअरिंगपाशी बसला आणि हसला. "याची डावी बाजू पार झिजलीय, उजवी अजून कोरी आहे. साहेब एका हाताने चालवायचे की काय?"

"दंतवैद्याने झिजवलं असेल," मी म्हणाले.

"छे हो! साहेबांनी गाडी घेतली तेव्हा स्टिअरिंगवरचं हे कातडं मीच नवीन चढवून दिलं." त्याने शेजारच्या सीटवरची धूळ झटकली. "हिचे गिअरही बदलावे लागत नाहीत. म्हणजे साहेबांचा उजवा हात अकरा वर्षं तुमच्याच हातात! या, शेवटचं एकदा बसून घ्या."

मी बसले. पहिल्यांदाच. उघड्या गाडीचा वारा तुला बाधेल, असं म्हणून हे मला कधी नेत नसत.

दलालाने पेन उघडलं. "तर मग तीन हात लिहू ना?"



"चार लिहा."