कानात सांगायचं नाव

बारशाला आलेल्या बायका पाळण्याभोवती उभ्या होत्या आणि नाव अजून ठरलं नव्हतं. दीपाली बाळाची आत्या. नाव तिनंच सांगायचं. कानाशी वाकता वाकता तिनं मान वर केली.

"वहिनी, कोणतं सांगू?"

उत्कर्षानं लेकीचं टोपरं सारखं केलं. तिच्या नवऱ्यानं, विश्वजीतनं, नाव कळवलं होतं. कंपनीच्या कामासाठी तो स्लोव्हेनियाला गेला होता. मुलगी झाली तर वेस्ना. तिकडचं जुनं नाव, आता तिकडेही फारसं कोणी ठेवत नाही. अर्थ वसंत ऋतू. त्यानंतर दुसऱ्याच दिवशी बर्फावरून त्याची गाडी घसरली. उत्कर्षाला तेव्हा पाचवा महिना होता.

सासऱ्यांनी, गेनबांनी, ते नाव ऐकलं तेव्हाच मान हलवली होती. कोथरूडच्या फ्लॅटमध्ये राहायला येईपर्यंत त्यांचा जन्म बैलांमागे गेलेला. "बैलाच्या नाकात घालत्यात ती वेसण हाय," ते म्हणाले होते. "लेकीचं नाव व्हय त्ये?" सासूबाईंचं, सोजरबाईंचं, म्हणणं, पोरगं गेलं, त्याचं एवढं तरी ऐका. आठ दिवस घरात हेच चाललं होतं. पण भांडण कोणी केलं नाही.

उत्कर्षानं मनातल्या मनात त्या नावानं कितीदा हाक मारून पाहिली होती. शाळेत हजेरी घेताना बाई अडखळतील. मुलं वेसण म्हणून चिडवतील. मग पोरगी घरी येऊन विचारील, असलं नाव का ठेवलं. ज्यानं ठेवलं तो सांगायला नसेल. दर वेळी तिलाच सांगावं लागेल, तो कोण होता आणि त्याचं काय झालं.

"वासंती सांग," ती म्हणाली.

दीपालीनं क्षणभर तिच्याकडे पाहिलं. मग ती वाकली. बायकांनी दीपालीच्या पाठीवर रीतीचे धपाटे घातले, पण हलकेच. उत्कर्षा घुगऱ्या वाढायला स्वयंपाकघरात गेली.

चारपर्यंत सगळ्या गेल्या. दीपालीही स्वारगेटहून गाडी गाठायची म्हणून निघाली. उत्कर्षा बाळाला घ्यायला आली, तर गेनबा पाळण्याशी बसून काहीतरी पुटपुटत होते. तिला पाहून ते थांबले.

"त्यानं दिलेल्या नावानं एकदा तरी हाक मारावी म्हणलं," ते म्हणाले. "पर जिभेवर वेसणच येतीय. विशू कसं म्हणायचा ते? तसं म्हणून दाव."

उत्कर्षानं वाकून बाळाला उचलून घेतलं.

"मला नाही माहीत, आबा," ती म्हणाली. "त्यांनी नुसतं लिहून पाठवलं होतं."