बिनब्रेकचा अध्यक्ष
रविवारी सकाळी सुगेंग जुन्या डच सायकलीसकट गल्लीच्या उतारावरून थेट तुमिनीबाईंच्या टपरीवरच्या फणसाच्या भाजीत पडला. अर्थात, असं घडलंच नाही. इंडोनेशियातल्या योग्याकार्ता शहराच्या अस्सल सायकलमंडळाचा अध्यक्ष पडत नसतो, नाश्त्याला थांबतो. वर्षभर खपून त्याने सायकलीचा स्क्रूनस्क्रू अस्सल बसवला होता. अस्सल ब्रेक मिळेना, म्हणून ब्रेकच नव्हता. नवा बसवणाऱ्यांना मंडळातून हाकललं होतं. उरलेले सभासद पातेल्याभोवती नवा अध्यक्ष निवडू लागले. “पाक सुगेंग, बसवा की नवा ब्रेक!” तुमिनीबाई ओरडल्या. “आजोबांना नातवाचे दात बसवतात का, बू तुमिनी?” केसांतला फणस झटकत तो तुच्छतेने म्हणाला. “मग आजोबांना उतारावरून सोडता कशाला?” सगळे खिदळले. त्याने तिथेच गल्लीप्रमुखांना अर्ज लिहिला: “सदर उतार सायकलीच्या काळातला नसून नंतरची भेसळ आहे. तरी पुढील रविवारपूर्वी गल्ली मूळ सपाट स्वरूपात आणण्यात यावी, ही नम्र विनंती.”