शब्दन्‌शब्द

सरांनी भिरकावलेलं पान टेबलावरून घसरलं आणि टायपिंगच्या बाईंच्या पायाशी येऊन पडलं.

"'अंडर द वेदर' म्हणजे उघड्यावर राहणं. लिहिलंय ना मी? मग अडलं कुठं?"

बाईंनी पान उचललं, तळहातानं पुसलं. "त्याचा अर्थ बरं नसणं असा आहे, सर. आणि 'स्पिल द बीन्स' म्हणजे अन्नाची नासाडी नव्हे. गुपित फोडणं."

पलीकडे छापखान्याचं मशीन धडधडत होतं.

सरांचं इंग्रजी वाक्प्रचारांचं पुस्तक सहा वेळा छापून संपलं होतं. दर आवृत्तीत ते शंभर नव्यांची भर घालत. 'वाक्प्रचारसम्राट' ही पदवी त्यांनी आपल्या कार्डावर आपणच छापून घेतली होती, याच प्रेसमध्ये. आता सातवी आवृत्ती शाळांसाठी पुस्तकं निवडणाऱ्या समितीपुढे जायची होती. म्हणून तर बाई विचारायला आल्या होत्या.

"ऐका, मालक!" सर खो खो हसले. "आता टायपिस्ट मला इंग्रजी शिकवणार! अहो बाई, देवानं बोटं दिलीत ती चालवा. डोकं आहे ते वेणी घालायला."

प्रेसचे मालकही हसले, हसावं लागतं तेवढं. मग बाईंकडे न बघता म्हणाले, "उद्याही कामावर यायचंय ना, बाई?"

घरात कमावणारं दुसरं कोणी नव्हतं. बाईंनी मान खाली घातली.

"माझ्या हस्ताक्षरात आहे तसंच पुस्तकात आलं पाहिजे," सरांनी फर्मावलं. "शब्दन्‌शब्द. काना इकडचा तिकडे नको."

"बरं, सर."

तीन दिवस बाईंची बोटं चालली. दळण दळावं तशी, एका लयीत. ओठांवर ओवी मात्र नव्हती.

चौथ्या दिवशी प्रुफं सरांपुढे आली. सर प्रुफं कधी वाचत नसत. "मीच लिहिलेलं मीच काय वाचायचं?" हे ते चारचौघांत छाती फुगवून सांगत. आताही पानामागून पान उलटत त्यांनी लांब शेपटीच्या सह्या ठोकल्या.

"बघितलंत, मालक? जरा झापलं की माणूस वळणावर येतो."

सोमवारी समितीत इंग्रजीचे तीन प्राध्यापक ते पुस्तक ओळन्‌ओळ वाचणार होते.

बाईंनी फाइल मशीनकडे पाठवली. मग आपला ड्रॉवर उघडला. आत एक जाड इंग्रजी शब्दकोश होता. पानांचे कोपरे दुमडून दुमडून मऊ पडलेला, पाठीला दोनदा चिकटपट्टी लावलेला. बारा वर्षं सरांचं हस्तलिखित आलं की बाई आधी तो कोश बाहेर काढत. या खेपेला तो तीन दिवस आतच राहिला होता. बाईंनी ड्रॉवर लोटला आणि किल्ली फिरवली.

पलीकडे मशीन सुरू झालं. सरांनी लिहिलेलं पुस्तक, जसंच्या तसं, आज पहिल्यांदाच छापलं जात होतं.