मधोमध नारळ

"या मैदानाले आता उन्हापावसाची भीती नाही!" नागपुरात मेच्या दुपारी क्लबच्या अध्यक्षांनी घोषणा केली, मंडपाच्या सावलीतून, डोक्यावर ओला दुपट्टा घेऊन. प्लॅस्टिकचं नवं गवत उन्हात चमकत होतं. गोलपाशी रोज झोपणाऱ्या कुत्र्यानं त्यावर पंजा ठेवून मुकाट्यानं मागे घेतला. ते पाहून म्हातारा माळी चंद्रभान मंडपाकडे धावला. त्याच्या गोलकीपर नातीला घटकाभरात तिथंच अंग झोकायचं होतं. "साहेब, मॅच संध्याकाळी घ्या ना. पडली तं चामडीच निघते पोरीची." "गवतच नाही तं माळ्याले काय विचारायचं?" अध्यक्ष हसले. "बरं जी. पण नारळ मैदानाच्या मधोमध फोडा, अनवाणी." रीतच ती. अध्यक्षांनी कडेला जोडे काढले. ऐट मध्यापर्यंत टिकली. मग नारळ सुटला. "मॅच सहाले!" ते नाचत ओरडले. "चंद्रभान, पहिले माझे जोडे आण गा!"