बेचक्यातला डोळा

मातीत खुपसलेलं बोट त्याने बाहेर काढून हुंगलं. कुजका वास. मुळं गेली होती.

"काय म्हणतंय झाड?" काचघराच्या दारातून बायकोने विचारलं.

"काय म्हणणार? मेलंय ते."

झाड त्याच्या आईचं. कॅमेलिया म्हणजे चहाचीच सख्खी बहीण, पण पिण्याच्या कामाची नाही, नुसती देखणी. आईने हे झाड बीपासून वाढवलं आणि पहिल्या फुलासाठी अकरा वर्षं वाट पाहिली. फूल आलं ते पांढरं, पाकळीपाकळीला गुलाबी कड. तसं फूल घराण्याबाहेर कुठेच नव्हतं, कारण त्याने ते बाहेर जाऊच दिलं नव्हतं.

प्रदर्शनात फूल फांदीसकट ठेवावं लागे. प्रत्येक पानाच्या बेचक्यात एक डोळा असतो, पुढच्या फांदीचा कोंब. तो मिळाला की कोणीही कलम बांधू शकतो. म्हणून घरून निघण्याआधी तो अंगठ्याच्या नखाने सगळे डोळे खरवडून टाकायचा. पानं जागच्या जागी, फूल टवटवीत, वंश मात्र बंद. लोक वाहवा करत आणि हात हलवत परत जात.

जुन्या बागवानांच्या याद्या त्याला तोंडपाठ होत्या. शेकडो कॅमेलियांचं आता फक्त वर्णन उरलं होतं. कोणाच्या थंडीत गोठल्या, कोणाच्या वारसांनी तोडल्या. "मूर्ख लेकाचे! एकाच झाडावर विसंबले," असं तो ऐटीत म्हणायचा. आता तोही त्यांच्याच पंगतीत येऊन बसला होता. तीन महिन्यांत त्याने मरत्या झाडाची चाळीस कलमं बांधली आणि चाळीसच्या चाळीस काळी पडली. रोज सकाळी तो काचघरात जायचा आणि रडून बाहेर यायचा.

"वन्संकडे आहे ना एक?" बायको म्हणाली. "त्यांना मागा."

"कोणत्या तोंडाने मागू?"

"आहे त्याच. दुसरं कुठून आणणार?"

जी फांदी राखायची तिला आई लाल लोकरीचा धागा बांधायची. तीस वर्षांपूर्वी धाकटी बहीण दूरच्या गावी राहायला गेली, तेव्हा आईने तसाच धागा बांधून सांगितलं, "ही तिला दे." त्याने फांदी कापली, ओल्या फडक्यात गुंडाळली आणि बहिणीच्या हातात ठेवली. त्याआधी नखाचं काम उरकलं होतं.

दोन वर्षांनी तिचं पत्र आलं. 'मुळं धरली दादा, पण फुटतच नाही. माझा हातच गुणाचा नाही.' त्याने उत्तर दिलं नाही. पुढच्या वर्षी दुसरं पत्र आलं, 'अगदी खालच्या पानापाशी एक डोळा फुटला!' म्हणजे एक नखातून निसटला होता. तिला काही कळलेलं नाही, असं त्याने ठरवून टाकलं.

दिवसभराचा प्रवास करून तो तिच्या दारात उभा राहिला.

"ये दादा. किती वाळलास रे!"

मागच्या जिन्यापाशी झाड होतं, तिच्या डोक्याच्याही वर गेलेलं. ते पाहून त्याला हुंदका आवरला नाही.

"चिमणे, आईचं झाड गेलं. आता हे एवढंच राहिलंय. मला एक फांदी दे."

"देते की."

"तेव्हा मी तुला…"

"चहा गार होतोय तुझा," ती म्हणाली आणि कात्री घेऊन बाहेर गेली.

खिडकीतून तिची वाकलेली पाठ दिसत होती. बराच वेळ लागला. चांगली फांदी निवडत असेल, त्याला वाटलं. आपण किती क्षुद्र आणि ही किती मोठ्या मनाची, असंही वाटलं.

ओल्या फडक्यातली गुंडाळी तिने त्याच्या हातात ठेवली. "तू दिली होतीस तशीच दिलीय. घरी जाईपर्यंत सोडू नकोस, वारं लागेल."

"दोन देतेस?"

"मला कुठे दोन मिळाल्या होत्या?" ती हसली. तोही हसला. कितीतरी महिन्यांनी हसला.

घरी पोचल्यावर त्याने हातपायही धुतले नाहीत. कलमासाठी खुंट तयार होते, चाकूला धार लावलेली होती. त्याने फडकं सोडलं. फांदीला अकरा पानं होती, तजेलदार आणि निरोगी.

त्याने शेंड्याचं पान बाजूला केलं. बेचक्यात नखाचा ओरखडा होता. दुसऱ्यातही होता. तिसऱ्यातही.

"काय झालं?" बायकोने विचारलं.

तो एकेक पान उलटत गेला. दहा पानं, दहा ओरखडे. शेवटचं पान उरलं.

अकराव्या पानाच्या बेचक्यात एक टपोरा हिरवा डोळा होता, आणि त्याच्या खाली लाल लोकरीचा धागा बांधलेला होता.