डावं पॅनल

माणूस एक दिवस ताऱ्यांवर राज्य करणार, असं आमचे साहेब सकाळच्या भाषणात म्हणाले. तासाभरातच त्यांनी परग्रहावरची आमची गाडी कायमची बंद करायचा कागद काढला. तिच्या दोन्ही सोलर पॅनलांवर धूळ साचली होती आणि तिथे फडकं मारायला कुणी नव्हतं.

बारा वर्षं ती गाडी इथून हाकणाऱ्या ताईंनी सही करण्याआधी एक शेवटचा फोटो मागवला.

फोटोत डावं पॅनल लख्ख होतं.

"वारा असेल," साहेब म्हणाले.

"वारा गोल गोल पुसतो का, साहेब?" ताईंनी फोटो मोठा केला. फराटे स्पष्ट दिसत होते. कोपऱ्यात वाफेचा ठिपका होता, चष्मा पुसताना आपण तोंडाने 'हाऽ' करतो तसा.

पुढच्या फोटोत तो ठिपका विरत आला होता. त्याच्या पुढच्या फोटोत शेजारी दुसरा होता, ताजा.

ताईंनी बॅटरी पाहिली. एका पॅनलवर गाडी संध्याकाळपर्यंतच तगणार होती.

साहेबांनी कागदाची घडी करून खिशात घातली.

"ताई," ते दबक्या आवाजात म्हणाले, "तिकडे निरोप जातो ना? उजवंही पुसून द्याल का, विचारा. आणि 'कृपया' घाला."