हत्तीनं खाल्लेली कुरिंजी

कुणाचा विश्वास बसणार नाही, पण काल दसऱ्याच्या मिरवणुकीची तालीम सोडून एक हत्ती थेट विजयनगर वसाहतीत, आमच्या गल्लीत शिरला. सोंड पहिल्या मजल्याच्या गच्चीत घातली आणि कुरिंजीचे शेंडे कळ्यांसकट मटकावले. शेजारच्या पेरूला शिवलासुद्धा नाही!

माझी बायको अन्नपूर्णा कुंडीपाशी बसली. गुडघ्यांनी तिचा डोंगर सोडवला होता. शेवटच्या चढाईत तिनं आणलेल्या बियांचं हे झाड, बारा वर्षांतून एकदाच फुलणारं, यंदा पहिल्यांदाच फुलणार होतं. तिनं सरळ कापलेल्या एकेका फांदीवरून बोट फिरवलं.

“अय्यो! अहो, हा हत्ती सोंडेत कात्री धरून आला होता का? दसऱ्याला पाहुणे येणार म्हणून गच्ची नीटनेटकी करायला? मग माझी पुढची बारा वर्षंही तोच आणून देईल ना?”